लिफ्ट बसवणाऱ्याचा कागद आणि इंदूरचे चक्र

नागपूरहून रात्रीच्या प्रवासात गाठता येणारे इंदूर हे होळकरांचे शहर. तिथे आजही मराठी कानावर पडते. याच शहरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हे यंत्र आहे. १७२.५ मीटर परिघाच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. त्यातून निघणारे क्ष-किरण देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक वापरतात.

इतका वेळ फिरूनही हा झोत नळीच्या भिंतीवर का आदळत नाही? प्रत्येक कण वाटेवरून थोडा ढळतोच. त्याला सतत मध्याकडे आणावे लागते. जुन्या यंत्रांत ही ओढ दुबळी होती. झोत पसरायचा, म्हणून नळी रुंद आणि चुंबक अवाढव्य. अमेरिकेतल्या बर्कलेच्या बेव्हाट्रॉनचा चुंबक सुमारे १० हजार टनांचा होता.

यावरचा तोडगा सुचला तो अथेन्समध्ये लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीतल्या निकोलस क्रिस्तोफिलोस या इंजिनिअरला. भौतिकशास्त्राचा अभ्यास त्याने स्वतःच पुस्तकांतून केला होता. झोताला आडवा आवळणारा चुंबक त्याला उभा पसरवतो, ही मूळ अडचण. त्याने उलटसुलट चुंबक एकाआड एक ठेवायचे ठरवले. आवळणाऱ्या चुंबकापाशी कण मध्यापासून लांब असतो, तिथे धक्का मोठा बसतो. पसरवणाऱ्यापाशी तो मध्याजवळ असतो, तिथे धक्का लहान. एकूण बेरीज आवळण्याकडे झुकते.

१९५० मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि टिपण बर्कलेला पाठवले. तिथे ते पडून राहिले. १९५२ मध्ये ब्रुकहेवनच्या कुरांट, लिव्हिंगस्टन आणि स्नायडर यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. क्रिस्तोफिलोसने आपला कागद पुढे केला, तेव्हा त्यांनी त्याचा अग्रहक्क जाहीरपणे मान्य केला. ब्रुकहेवनने त्याला कामावरही घेतले. १९६० मध्ये तिथे सुरू झालेल्या यंत्राचे चुंबक सुमारे ४ हजार टनांचे होते, ऊर्जा मात्र बेव्हाट्रॉनच्या पाचपट.

इंदुरात ७२ चतुर्ध्रुवी चुंबक याच तत्त्वावर झोत सांभाळतात.

ब्रुकहेवनच्या मंडळींचा प्रामाणिकपणा मोठाच. पण कागद आधी आला होता, वाचला गेला नव्हता. मोमिनपुऱ्यात मोटारी, पंप, लिफ्ट दुरुस्त करणारी आयटीआयची मुले आहेत. त्यांच्यापैकी कुणी उद्या वही पुढे केली, तर ती उघडून बघणारा कुणी आपल्या विद्यापीठात आहे का, एवढेच विचारायचे आहे.