बटणाचा खटका

दिव्याचे बटण दाबताच होणाऱ्या ‘खट्’ आवाजालाही इतिहास आहे. प्रारंभीच्या बटणांतील धातूची टोके सावकाश विलग होत. त्यांमधील फटीत प्रखर ठिणगी तेवत राही, टोके जळत आणि आगीचे भय असे. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये ही टोके झटक्यासरशी विलग करणारे बटण शोधून काढले. दाबणाऱ्याचा हात कितीही संथ असो, प्रवाह क्षणार्धात तुटू लागला.

परंतु बटण उत्तम असून भागत नाही. ते कोणत्या तारेवर बसविले, हा खरा प्रश्न! फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसविले, तरी दिवा विझतोच. होल्डरमधील वीज मात्र जागीच राहते. दिवा बदलणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते ती येथे. म्हणून आधी मेन स्विच बंद करावा.

प्लगच्या रचनेत ही दक्षता मुळातच आहे. आपल्याकडील गोल पिनांचा प्लग ‘बी. एस. ५४६’ या १९३४ च्या ब्रिटिश मानकावरून आला. त्याची अर्थिंगची पिन अधिक लांब असते, त्यामुळे इस्त्रीत वीज शिरण्यापूर्वीच तिचे धातूचे अंग जमिनीशी जोडले जाते.