बांबू केवढा लागते जी?

मंडळी, आज जरा दूरच्या विषयावर लिहितोय. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाने समुद्राच्या तळाबद्दल लिहावं म्हणजे गंमतच! आमच्या बिरसीत पाणी म्हणजे तलाव, बोडी आणि धानाच्या बांधीत साचलेलं. समुद्र मी स्वतः पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. पण एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे जवळजवळ पन्नास वर्षं थकलेलं होतं. ते कसं फेडलं, ते सांगतो.

१९७६ सालची गोष्ट. मी नोकरीला नवीन होतो. सहावीच्या वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा टांगून महासागर शिकवत होतो. मागच्या बाकावर एक ढीवराचा मुलगा बसायचा. त्याचे वडील गावाजवळच्या मामा तलावात डोंगा घालून मासे धरत. (मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलं.) पाणी किती आहे हे ते लांब बांबू रोवून बघत. तो पोरगा उठला आणि म्हणाला, "गुर्जी, समुद्रात बांबू केवढा लागते जी?"

वर्ग हसला. मीही हसलो. "समुद्रात बांबू नाही, दोर सोडतात. तळ गाळाचा असतो, ताटासारखा सपाट. बस खाली, परीक्षेत येत नाही ते."

तो बसला. सातवीनंतर शाळा सुटली त्याची. माझ्या उत्तरामुळे नव्हे, घरच्या परिस्थितीमुळे. पण त्याचं ते खाली बसणं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

पुढे २०१४ च्या मार्चमध्ये मलेशियाचं एमएच ३७० हे विमान नाहीसं झालं. आमच्या बिरसीला विमानांचं अप्रूप नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली, आणि अलीकडे वैमानिक घडवणारी संस्था आल्यापासून शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. त्यामुळे पारावर एकच चर्चा. एवढं मोठं विमान सापडत कसं नाही? मग बातमीत एक वाक्य वाचलं आणि थबकलो. दक्षिण हिंदी महासागरात जिथे शोध घ्यायचा होता, तिथल्या तळाचा धड नकाशाच नव्हता. विमान शोधण्याआधी तळ मोजायला जहाजं पाठवावी लागली.

म्हणजे माझ्या त्या नकाशावरचा निळा रंग? तो मी वर्षानुवर्षं 'माहिती' म्हणून शिकवत आलो होतो. मग वाचायला बसलो.

दोराची गोष्ट खरी होती, पण फार जुनी. 'चॅलेंजर' हे इंग्रजांचं जहाज १८७२ ते १८७६ या काळात सव्वा लाख किलोमीटरांहून अधिक फिरलं. वजन बांधलेला दोर सोडायचा, तो टेकला की मोजायचा आणि पुन्हा ओढून घ्यायचा. खोल पाण्यात एका मापाला काही तास जात. मार्च १८७५ मध्ये पॅसिफिकमध्ये मारियाना बेटांजवळ त्यांना ८,००० मीटरांहून अधिक खोली मिळाली. पण अख्ख्या सफरीत खोल समुद्राची अशी मापं झाली पाचशेच्या आत. आता विचार करा, सगळ्या गोंदिया जिल्ह्यात चार ठिकाणी बांबू रोवून कोणी जिल्ह्याचा नकाशा काढला तर नवेगावचे डोंगर त्यात दिसतील का? सपाटच दिसणार सगळं!

मग माणसाने दोर सोडून आवाज सोडला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, त्यानंतर पाण्यातले हिमनग ओळखण्याच्या खटपटीतून जर्मनीच्या अलेक्झांडर बेम यांनी प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याचं यंत्र केलं. तत्त्व अगदी विहिरीत हाक मारण्याचं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. खाली सोडलेला आवाज पावणेसात सेकंदांनी परतला, तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर, म्हणजे खोली पाच किलोमीटर. चौथीच्या मुलाला जमेल असं गणित. 'मेटिओर' या जर्मन जहाजाने १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये अशी ६७,००० हून जास्त मापं घेतली. कुठे ते पाचशे आणि कुठे हे! सपाट समजलेल्या तळावर डोंगरच डोंगर निघाले.

इथे एक योगायोग मला फार आवडला. ज्या युद्धाने आमच्या बिरसीला धावपट्टी दिली, त्याच युद्धात पॅसिफिकमध्ये हॅरी हेस नावाचे अमेरिकन भूविज्ञानाचे प्राध्यापक एका सैन्यवाहू जहाजावर होते. पुढे ते त्याचे कप्तान झाले. युद्धाच्या धामधुमीतही ते खोली मोजायचं यंत्र चालू ठेवत. त्यांना पाण्याखाली सपाट माथ्याचे डोंगर सापडले, जणू कोणी माथा कापून नेलाय. १९४६ मध्ये त्यांनी या डोंगरांना 'गयो' असं नाव दिलं. एकेकाळी माथा पाण्याबाहेर होता, लाटांनी तो झिजवला आणि मग डोंगर खाली बुडत गेला. पुढे १९६२ मध्ये समुद्रतळ मधोमध फाटतो आणि दोन्हीकडे पसरतो, हा विचार मांडणारे हेच हेस. म्हणजे मी वर्गात 'ताटासारखा सपाट' म्हणालो तेव्हा जगाला हे ठाऊक होतं. अज्ञान माझं होतं.

आणि आपल्या देशात? आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्य ठिकाण गोव्यात, दोनापावलाला. तिचं पहिलं संशोधन जहाज 'गवेषणी' आलं १९७६ मध्ये. त्या पोराला मी खाली बसवलं, तेच वर्ष! २६ जानेवारी १९८१ ला याच 'गवेषणी'ने हिंदी महासागराच्या तळावरून बटाट्यासारखे काळे खनिज गोटे पहिल्यांदा वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. याच कामाच्या जोरावर १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरातलं दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र पाहणीसाठी मिळालं. पुढे त्यातलं ७५,००० चौरस किलोमीटर आपण राखलं.

पण पाच किलोमीटर पाण्याखालचं शेत मिळालं तरी त्यात खाचखळगे कुठे, डोंगर कुठे, हे कळायला हवं. जुन्या यंत्राने जहाजाच्या थेट खालची तेवढी एक रेघ कळे. दोन रेघांच्या मधलं सगळं अंदाजे. १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेलं 'सागर कन्या' हे शंभर मीटर लांबीचं जहाज आलं, आणि १९९० मध्ये त्यावर 'हायड्रोस्वीप' यंत्र बसलं. ते एकाऐवजी ५९ ठिकाणचे प्रतिध्वनी पंख्यासारखे पसरून एकाच वेळी टिपतं. पाणी पाच किलोमीटर असेल तर दहा किलोमीटर रुंदीचा पट्टा एका खेपेत मोजून होतो. मग जहाज कसं चालतं? नांगराच्या तासासारखं! एक तास इकडून, दुसरं त्याला लागून तिकडून, मध्ये कोरं राहू नये म्हणून थोडं एकमेकांवर चढवून. सुखासुखी नाही हो हे. जहाज लाटेवर डोलतं, तो डोल हिशेबातून काढावा लागतो. पाण्याचं तापमान आणि खारटपणा खोलीनुसार बदलतो, त्याने आवाज वाकतो. तीही दुरुस्ती करायची.

अशी नांगरणी झाली की जागांना नावं मिळतात. 'सागर कन्या'ने १९८६ मध्ये शोधलेल्या पर्वताला जहाजाचंच नाव आहे. १९९२ मध्ये सापडलेल्या एका पर्वताला संस्थेचे पहिले संचालक पणिक्करांचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी सापडलेल्या सपाट माथ्याच्या ज्वालामुखीला भूवैज्ञानिक दा. नौ. वाडियांचं. हेस यांचा 'गयो' शब्द असा वाडियांच्या नावाला जोडला गेला! २०२४ मध्ये आणखी तीन भारतीय नावं मान्य झाली. अशोक सागरी पर्वत, चंद्रगुप्त कटक आणि कल्पतरू कटक. आमच्याकडे प्रत्येक बोडीला, प्रत्येक बांधीला नाव असतं. ज्या जागेवर माणूस वावरला नाही तिला नाव नसतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या विमानाचं म्हणाल, तर शोधासाठी पावणेतीन लाख चौरस किलोमीटरांहून अधिक तळ मोजला गेला. २०१७ मध्ये ते नकाशे सगळ्यांसाठी खुले झाले. आधी तिथे होता उपग्रहाने काढलेला अंदाज. मोठ्या डोंगराच्या ओढीने त्याच्यावरचं पाणी किंचित फुगतं, त्यावरून बांधलेला. लहानसहान चढउतार त्यात येत नाहीत. नव्या नकाशात कडे दिसले, दऱ्या दिसल्या, जुन्या बुडालेल्या जहाजांचे अवशेषही मिळाले. विमान मात्र त्या शोधात सापडलं नाही. त्या घरच्या लोकांचं काय झालं असेल, ते मनातून जात नाही.

२०३० पर्यंत जगाचा सगळा समुद्रतळ मोजायचा, असा प्रकल्प २०१७ पासून सुरू आहे. जून २०२५ पर्यंत २७.३ टक्के झाला होता. म्हणजे पावपट सोडून बाकी सगळा निळा रंग अजून अंदाजाचाच. मी त्या दिवशी वर्गात 'बराचसा अजून कोणी मोजलेला नाही रे' एवढं म्हणालो असतो, तर ते खरं उत्तर झालं असतं. आणि कोणी सांगावं, हसणाऱ्या वर्गातला एखादा पोरगा पुढे दोनापावलाला पोचलाही असता. 'माहीत नाही' म्हणायला त्या वयात मला लाज वाटायची. नवा मास्तर ना!

गेल्या दिवाळीनंतर मुद्दाम तलावावर गेलो. तो पोरगा आता साठी ओलांडलेला, नातवंडांचा आजा. डोंगा तसाच, बांबूही तसाच. पाळीवर बसून त्याला हे सगळं सांगितलं. त्याला तो प्रश्न आठवतच नव्हता! पण ऐकलं मात्र मन लावून. मग म्हणाला, "गुर्जी, बांबू रोवला का हाताले समजते, खाली गोटा हाये का चिखल. आवाजाले समजते का जी?"

मी म्हणालो, "माहीत नाही बाबा. बघून सांगतो."

घरी येऊन शोधलं. समजतं. खडकावरून आवाज जोरात परततो, गाळात बराचसा मुरतो. म्हणून परतलेल्या आवाजाच्या जोरावरून तळ कशाचा आहे याचाही नकाशा काढतात. धरणांत किती गाळ साचला, हेही छोट्या बोटीवर असंच यंत्र ठेवून मोजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि पुन्हा तलावावर गेलो सांगायला. या वेळी पन्नास वर्षं लावली नाहीत.