चिमणीच्या दातांनी

परवा न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. नातीला कॉलेजात 'मोनो' झालाय म्हणाली. ताप उतरला, घसा बरा झाला, पण तीन आठवडे झाले तरी पोरीच्या अंगात उठायचं त्राण नाही. मी आपली जुनी मास्तरकी दाखवली, "अगं, आळस आहे तो. सकाळी लवकर उठव तिला." लेक गप्प झाली. फोन ठेवल्यावर चैन पडेना, म्हणून वाचायला बसले.

दुखणं जुनंच आहे. १८८९ साली एमिल फायफर या जर्मन डॉक्टरांनी त्याला 'ग्रंथिज्वर' अशा अर्थाचं नाव दिलं. १९२० मध्ये बाल्टिमोरच्या स्प्रंट आणि इव्हान्स यांनी रक्तातल्या वेगळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी पाहून 'इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस' असं बारसं केलं. कारण मात्र ठाऊक नव्हतं. १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना युगांडातल्या मुलांच्या कर्करोगाच्या गाठींत एक नवा विषाणू दिसला. तोच मोनोचं कारण, हे फिलाडेल्फियाच्या हेन्ले दांपत्याने १९६८ मध्ये दाखवलं. तेही कसं, तर त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी मोनोने आजारी पडली, आणि आधी तिच्या रक्तात नसलेल्या या विषाणूच्या खुणा नंतर सापडल्या!

हा पसरतो लाळेतून. अमेरिकेत त्याला 'चुंबनाचा आजार' म्हणतात. मी म्हणेन, 'उष्ट्याचा आजार'. लागण झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी लक्षणं दिसतात, आणि बरं झाल्यावरही विषाणू जन्मभर अंगात राहतो, अधूनमधून लाळेत उतरतो. त्यामुळे कोणी कोणाला दिला, हे शोधणं व्यर्थ.

मग आठवली आमची वागळे इस्टेट. आईबाप कारखान्यात पाळीला, पोरं शेजारणीकडे. चार घरची मुलं एका तांब्याला तोंड लावायची. एक पेरू चौघींत वाटायचा तर फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचा, म्हणजे तो उष्टा होत नाही! अशा दाटीवाटीत बहुतेकांना ही लागण लहानपणीच होते, आणि त्या वयात ती साध्या सर्दीतापासारखी किंवा नकळतच निघून जाते. उशिरा, सोळा-वीसच्या वयात गाठलं, की शरीर जोराने झुंजतं आणि थकवा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. याचा अर्थ दाटीवाटी चांगली असा नव्हे हं. त्याच वस्त्यांतून कावीळ आणि टायफॉइडही आम्ही पाहिले.

मोनोवर खास औषध नाही. विश्रांती हाच उपाय. प्लीहा सुजलेली असू शकते, म्हणून धक्काबुक्कीचे खेळ काही आठवडे बंद.

काल नातीला स्वतः फोन केला. म्हटलं, "बाळा, आजी चुकली. झोप हवी तेवढी."

ती हसली. मी मात्र रात्री बराच वेळ जागी होते. बाकावर डोकं टेकणाऱ्या किती मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी 'आळशी' असा शेरा मारला असेल? त्यातली किती खरोखर आजारी होती, हे आता कोणाला विचारू?