८७० मेंढ्या आणि एक गोळी : थायरॉईडच्या उपचाराची गोष्ट

"डॉक्टरसाहेब, आता बरं वाटते. गोयी सोडली तर नाही चालत काय?" अकोला-अमरावतीकडे थायरॉईडचे रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचा हा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. ताप उतरला की तापाची गोळी थांबते, मग थायरॉईडचीच गोळी वर्षानुवर्षे का? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःच्या आयुष्याने दिले आहे. ती गोष्ट माहीत असली की गोळी घेणे ओझे वाटत नाही.

आजार कळला, उपाय नव्हता

१८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी पाच स्त्रियांचे वर्णन केले. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, आवाज घोगरा, बोलणे-चालणे संथ, सतत थंडी वाजणे आणि मनाला आलेली मरगळ. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला 'मिक्सिडीमा' हे नाव दिले. पण तो होतो कशाने, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

धागा सापडला तो स्वित्झर्लंडमध्ये. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत थिओडोर कोखर यांचा हात धरणारा कोणी नव्हता. काही रुग्णांची त्यांनी संपूर्ण थायरॉईड ग्रंथी काढून टाकली होती. पुढे त्यांपैकी १८ जणांना त्यांनी पुन्हा बोलावून तपासले, तर १६ जण सुजलेले, मंदावलेले, हुबेहूब मिक्सिडीमाच्या रुग्णांसारखे दिसले. १८८३ साली कोखर यांनी हे जाहीरपणे मांडले. गळ्यातली ही लहानशी ग्रंथी नसेल तर सारे शरीर मंदावते, हे त्यातून पुढे आले. कोखर यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

न्यूकॅसलची ती बाई

ग्रंथी नसल्याने आजार होतो, तर ग्रंथीचा अर्क बाहेरून दिला तर? जॉर्ज मरे या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या तरुण डॉक्टरांनी १८९१ मध्ये हे करून पाहिले. ताज्या कापलेल्या मेंढीची थायरॉईड ग्रंथी घेऊन तिचा अर्क त्यांनी काढला आणि ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला तो सुईने टोचला. काही वरिष्ठांनी या कल्पनेची थट्टा केली होती. पण तीन महिन्यांत तिची सूज उतरली, बोलणे झरझर होऊ लागले, घाम येऊ लागला, चालताना दम टिकू लागला आणि थंडीचा त्रास कमी झाला.

वर्षभरातच कळले की टोचण्याची गरजही नाही, ग्रंथी खाल्ली तरी गुण येतो. एका डॉक्टरांनी तर मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी तळून फळांच्या जेलीसोबत आठवड्यातून एकदा खायला सांगितली होती!

मरे यांची ती रुग्ण पुढे किती जगली? २८ वर्षे. १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी ती हृदयविकाराने गेली. तोवर तिने अर्क घेणे सोडले नव्हते. मरे यांनी हिशेब मांडला, तेव्हा तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्याचे दिसले. तीन महिन्यांत बरी झालेली ही बाई २८ वर्षे औषध घेत राहिली, म्हणूनच २८ वर्षे बरी राहिली.

मेंढीकडून कारखान्याकडे

ग्रंथीतला नेमका गुणकारी पदार्थ वेगळा करायला आणखी बरीच वर्षे लागली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांना २५ डिसेंबर १९१४ रोजी त्याचे स्फटिक मिळाले. त्यालाच आपण थायरॉक्सिन म्हणतो. सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून ते हाती आले जेमतेम ३३ ग्रॅम! १९२६-२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्या प्रचारात आल्या.

माळकरी आणि शाकाहारी घरांतून हमखास विचारले जाते, म्हणून सांगतो : आज तुम्ही घेता ते थायरॉक्सिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनते. त्यासाठी कोणत्याही प्राण्याची ग्रंथी लागत नाही.

मेमध्ये शाल पांघरणारी बाई

औषध होते, तरी आजार ओळखणे सोपे नव्हते. रक्ततपासणी हाताशी नसताना डॉक्टर चेहरा बघत, आवाज ऐकत, टाचेच्या शिरेवर हातोडी मारून पाऊल किती सावकाश परत येते ते पाहत. १९६३ साली मुंबईत परळला अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि किरणोत्सारी आयोडीन वापरून थायरॉईडची तपासणी तिथे होऊ लागली. पण वऱ्हाडातल्या खेड्यातून मुंबई गाठणे किती जणींना जमणार?

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात असताना एखादी बाई शाल पांघरून बसत असेल, तर घरच्यांना ते नखरे वाटत. सकाळी उठवत नाही म्हणजे आळशी, विसरते म्हणजे लक्ष नाही, रडते म्हणजे डोक्यावर परिणाम. हे केवळ आपल्याकडेच नव्हते. १९४९ साली लंडनचे रिचर्ड ॲशर यांनी अशा १४ रुग्णांची नोंद केली, ज्यांचे मन या आजाराने पार बिघडले होते. थायरॉईडचा अर्क दिल्यावर त्यांतले बहुतेक सुधारले. ज्याला स्वभावदोष म्हणून नावे ठेवली, तो हार्मोनचा तुटवडा होता.

चित्र बदलले ते टीएसएच तपासणीने. रक्तातले अत्यल्प हार्मोन मोजण्याची पद्धत सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी शोधली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. टीएसएच मोजता येऊ लागल्यावर आणखी एक गोष्ट कळली : पूर्वी अंदाजाने दिले जाणारे डोस बऱ्याच रुग्णांना जास्त होत होते. आज ही तपासणी आपल्या तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

गोळी सुरू केल्यावर सुधारणा कशी होते?

मरे यांच्या रुग्णाला तीन महिने लागले, तुम्हालाही थोडा वेळ लागेल. साधारण क्रम असा असतो :

- पहिले दोन-तीन आठवडे : सुस्ती आणि चेहऱ्यावरची सूज कमी व्हायला लागते.
- सहा ते आठ आठवडे : बद्धकोष्ठ, थंडी वाजणे, अंगदुखी यांत फरक दिसतो. टीएसएच पुन्हा तपासायची वेळ हीच. त्याआधी तपासून उपयोग नाही.
- तीन ते सहा महिने : पाळी, कातडी, स्मरणशक्ती आणि शेवटी केस. सुरुवातीला केस थोडे जास्तही गळू शकतात, घाबरू नका.

वजन थोडेच उतरते. जे उतरते त्यात बराचसा भाग साचलेल्या पाण्याचा असतो. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टर मुद्दाम लहान डोसपासून सुरू करतात. डोस मनाने वाढवला तर धडधड होते, हाडे ठिसूळ होतात.

मग सोडली तर काय होते?

विहीर आटली की टँकर येतो. टँकर आल्याने विहिरीला झरे फुटत नाहीत. गोळीचेही तसेच आहे. ती ग्रंथी दुरुस्त करत नाही, रोजची तूट भरून काढते. थायरॉक्सिन शरीरातून निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही आणि "बघा, गरजच नव्हती" असे वाटते. दुखणे हळूहळू परतते, तोवर गोळी सोडल्याचे विसरलेलेही असते. बाळंतपणानंतर होणाऱ्या काही प्रकारांत ग्रंथी पुन्हा काम करू लागते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे.

आपल्या भागासाठी चार गोष्टी

१. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कापूस वेचायला पहाटेच निघावे लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवा.

२. उन्हाने आणि दमटपणाने गोळीचा जोर कमी होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली टिनाखालच्या फळीवर, चुलीजवळ किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

३. खारपाणपट्ट्यातले पाणी खारट आहे म्हणून त्यात आयोडीन पुरेसे आहे, असे समजू नका. चवीवरून आयोडीन कळत नाही. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. मात्र ग्रंथी एकदा निकामी झाली असेल, तर मिठाने गोळीची जागा भरून निघत नाही.

४. गोळी चालू असताना दिवस गेले, तर लगेच डॉक्टरांना भेटा. गरोदरपणात बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. डफरिनला किंवा लेडी हार्डिंगला नाव नोंदवताना आपल्याला थायरॉईड आहे हे आधी सांगा.

घरात कोणी पूर्वीसारखी राहिली नाही, सारखी थकते, थंडी वाजते म्हणते, तर तिला बोल लावण्याआधी एक टीएसएच करून घ्या.