उघड्या खिडकीचें माप

१८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत नवें व्याख्यानगृह उघडलें. पण वक्त्याचा शब्द साडेपांच सेकंद घुमे, व पुढचे शब्द त्यांत बुडून जात. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकानें रात्रीच्या शांततेंत आसनांच्या गाद्या आणून नाद विरण्याचा वेळ मोजला. ध्वनिशोषणाचें माप म्हणून त्यानें उघडी खिडकी धरिली. तींतून गेलेला नाद परतत नाहीं.

आज वीज वांचविण्यासाठीं ‘हरित’ इमारतींत उष्मा शोषणारें काँक्रीटचें छत पुष्कळदां उघडें ठेवितात, आणि वाऱ्यासाठीं खिडक्या. पण तें छत नाद परतवितें, आणि खिडकी रस्त्याचा गोंगाट आंत घेते.

मीं आयुष्यभर वर्गांत शिकविलें. मागच्या बाकावरील मुलास शब्द ऐकूं आला नाहीं, तर ती शाळा कसली? छताखालीं अंतर सोडून ध्वनिशोषक पट्ट्या टांगाव्या, हवेस आंतून मऊ अस्तराची वळणाची वाट द्यावी, म्हणजे गारवा व शांतता दोन्ही साधतात. मात्र हें नकाशाच्या वेळींच ठरवावें. सॅबाइनचा सल्ला आधीं घेऊन बांधलेलें बोस्टनचें सिंफनी सभागृह १९०० सालीं उघडलें. त्याची कीर्ति आजही टिकून आहे.