काळा घोडा आणि सर अल्बर्ट ससून

मुंबई सोडून कितीही वर्षे झाली, तरी काळा घोडा म्हटले की जहांगीर आर्ट गॅलरीजवळचा तो चौक आपल्या डोळ्यांपुढे येतो. चौकाला नाव देणारा प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला तो सर अल्बर्ट ससून यांनी.

त्यांचे मूळ नाव अब्दुल्ला, जन्म १८१८ मध्ये बगदादचा. वडील डेव्हिड ससून तिथल्या पाशाच्या जाचामुळे बुशहरला आणि पुढे १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. पेढीचा व्यापार कापसाचा, कापडाचा आणि अफूचा. अफू चीनला जाई. ससूनांच्या दानधर्माचे कौतुक आम्हीही करतो, पण त्या पैशाचा मोठा वाटा कुठून आला हे सांगितल्याशिवाय नाही.

१८६४ मध्ये डेव्हिड पुण्यात वारले आणि कारभार थोरल्या अब्दुल्लांकडे आला. पुढे ते मुंबईच्या कायदेमंडळावरही बसले. तेव्हा निवडणूक नव्हती, सरकार सभासद नेमत असे. त्यामुळे त्यांचे राजकारण मते मागण्याचे नव्हते, ते सरकारदरबारी वजन असलेल्या शेटजींचे होते. १८७२ मध्ये ते ‘सर’ झाले, १८७५ मध्ये कुलाब्याचा ससून डॉक पुरा झाला. नंतर लंडन, बॅरोनेट ही पदवी, आणि १८९६ मध्ये ब्रायटनला मृत्यू.

आता आपल्या घरातली गोष्ट. बगदादी मंडळी मुंबईत आली तेव्हा मांडवीची आपली जुनी मशीद १७९६ पासून उभी होती. सुरुवातीला तेही तिथेच प्रार्थनेला येत. पण १८३६ मध्येच डेव्हिड ससून आणि काही बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला, की सामाईक कब्रस्तानात त्यांच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. अब्दुल्ला तेव्हा अठरा वर्षांचे. १८६० च्या दशकात भायखळ्याला मागेन डेव्हिड झाली आणि प्रार्थनाही वेगळी झाली. इस्रायलमध्ये १९६२ नंतर आपल्या माणसांना लग्नासाठी वंशाचे पुरावे मागितले गेले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना तो प्रश्न नवा नव्हता. मुंबईत शेजाऱ्यांनी तो आधीच विचारला होता.

अल्बर्ट यांचा घोडा १९६५ मध्ये चौकातून काढला. तो आता राणीच्या बागेत आहे. चौकात २०१७ मध्ये नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वार नाही.