एका विरामाची गोष्ट

कुरआन वाचताना एखाद्या आयतीवर बुद्धी अडखळते. अर्थ विचारावा, तर आपल्या ईमानाविषयीच शंका घेतली जाते. न विचारावे, तर मन स्वस्थ बसू देत नाही. ही अडचण आधुनिक शिक्षणाने आणली, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. ते खरे नाही. आठशे वर्षांपूर्वी अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, एका काझीने तिला तोंड दिले होते.

इब्न रुश्द यांचा जन्म ११२६ साली कुर्तुबा शहरात, काझींच्या घराण्यात झाला. ते स्वतः काझी, हकीम आणि ॲरिस्टॉटलचे भाष्यकार होते. त्यांच्या आधी, १०९५च्या सुमारास, इमाम गझालींनी तत्त्वज्ञांवर वीस मुद्द्यांत टीका केली होती. त्यांतील तीन मुद्दे तर कुफ्र ठरविले होते. म्हणजे प्रश्न नुसत्या वादविवादाचा नव्हता, विचार करणारा माणूस मुसलमान राहतो की नाही, याचा होता.

इब्न रुश्द यांनी ११८०च्या सुमारास ‘फस्ल अल-मकाल’ लिहून काझीच्या पद्धतीने, कुरआनाच्याच आधारे उत्तर दिले. सूरह आले-इमरानच्या सातव्या आयतीत संदिग्ध आयतींचा अर्थ कोण जाणतो, हे सांगितले आहे. ‘अल्लाह’ या शब्दावर थांबले, तर फक्त अल्लाह. न थांबता पुढे वाचले, तर अल्लाह आणि ज्ञानात मुरलेले लोकही. मूळ लिपीत विरामचिन्हे नव्हती. बहुसंख्य भाष्यकार थांबणारे. मुजाहिद यांच्यासारखे काही जुने भाष्यकार न थांबणारे. इब्न रुश्द थांबले नाहीत. बुद्धीने सिद्ध झालेल्या सत्याशी वह्यीचा विरोध असूच शकत नाही. तसा दिसला, तर शब्दांचा लाक्षणिक अर्थ शोधावा, असे त्यांचे म्हणणे.

मात्र हा अधिकार त्यांनी मोजक्या विद्वानांपुरताच ठेवला. सामान्यांपुढे ही चर्चा त्यांना नको होती. ११९५मध्ये त्यांना लुसेना येथे हद्दपार करण्यात आले, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्यात आले. पुढे खलिफाची मर्जी परतली. पण ११९८मध्ये मराकेश येथे त्यांचे निधन झाले.

आज कुरआनाचे अनुवाद मराठीत आहेत. सामान्य वाचकही त्या आयतीपाशी पोहोचतो. आपल्याकडच्या अनेक छापील प्रतींत तेथे थांबण्याची ‘मीम’ ही खूण असते. पठण करताना जरूर थांबावे. पण न थांबणारेही कुरआनाचेच वाचक होते, एवढे विसरू नये.